तुम्ही विचारलंत म्हणून: कुमारजींचं नेमकं काय ऐकायचं?

"कुमार गंधर्व ऐकायला सुरुवात करायचीय. आजारपणाच्या आधीचं ऐकू की नंतरचं? आणि शेवटच्या वर्षांतलं सोडून दिलं तर चालेल का?" हा प्रश्न या ना त्या रूपात सारखा येतो. झटपट उत्तर हवं असेल तर ते असं: नंतरचं आधी ऐका, आधीचं नंतर ऐका, आणि शेवटचं सोडू नका. पण तेवढ्यावर भागत नाही.

आधी कालक्रम, कारण तो डोक्यात नसेल तर हातात आलेलं रेकॉर्डिंग कुठे ठेवायचं तेच कळत नाही. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. 'कुमार गंधर्व' ही पदवी अगदी लहानपणी मिळालेली. १९३६ साली मुंबईच्या जिना हॉलमधल्या संगीत परिषदेत या मुलाने जाणत्यांना थक्क केलं. मग बी. आर. देवधरांकडे तालीम, १९४७ साली भानुमतींशी लग्न, आणि लगेच क्षय. १९४८ साली कोरड्या हवेसाठी माळव्यातल्या देवासला बिऱ्हाड हललं. पुढची पाचेक वर्षं गाणं बंद.

आता 'आधीचं नंतर' का, ते सांगते. बालपणीचं ते गाणं बव्हंशी नकलेचं होतं. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हा मुलगा त्या हुबेहूब, हरकतीसकट गाऊन दाखवायचा. तबकडीची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची, त्यामुळे नक्कलही तेवढ्याच आकाराची. गळा काय ताकदीचा होता हे त्यातून कळतं, पण गाणाऱ्याचं स्वतःचं म्हणणं काय हे कळत नाही. ते अजून तयारच व्हायचं होतं. सुरुवातीलाच हे ऐकलं की 'वा, काय तयारी!' एवढंच हाती लागतं. नंतरच्या कुमारजींची वर्षभर सवय झाल्यावर ऐकलं, तर या माणसाने पुढे काय काय टाकून दिलं ते ऐकू येतं. चाहत्याला खरी मजा त्यात आहे.

आजारपणाबद्दल एक सोपं स्पष्टीकरण सगळीकडे फिरतं: एक फुफ्फुस जवळपास निकामी झालं, दम पुरेना, म्हणून छोट्या छोट्या तुकड्यांची गायकी जन्माला आली. यात तथ्य आहे, पण ते अर्धंच. दमाने फार तर तुकडा किती लांब ते ठरतं. तो कुठून उचलायचा, कुठे अधांतरी सोडायचा आणि मध्ये किती वेळ गप्प राहायचं, हे दम ठरवत नाही. कमी दमाचे गवई पुष्कळ झाले, त्यातले बहुतेक नेहमीचाच विस्तार जरा आखूड करून गायले. कुमारजींनी विस्ताराची रीतच बदलली. स्ट्रेप्टोमायसिन तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, त्याने जीव वाचला. संसाराची बाजू भानुमतींनी शिक्षिकेची नोकरी करून सांभाळली. आणि अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर पडत होती ती माळव्यातल्या बायकांची गाणी, फकिरांची, नाथपंथीयांची भजनं. देवासला शीलनाथ या नाथपंथी योग्यांची धुनी आहे, तिथली निर्गुणी (निराकार ईश्वराची भजनं गाण्याची) परंपरा कुमारजींना जवळून मिळाली. लोकधुनेत चार-पाच सुरांत अख्खा राग दडलेला असतो, या शोधातून पुढे धुनउगम राग आले. गाणं बंद असलेली ती वर्षं चरित्रात पोकळी म्हणून मांडली जातात. ऐकणाऱ्याच्या लेखी तीच सगळ्यात भरलेली.

मग ऐकायचं कसं? बहुतेक लोक कबीराच्या निर्गुणी भजनांपासून सुरू करतात आणि ते बरोबरच आहे. पण महिन्याभराने तिथून उठा. भजनांतच रमलेले चाहते वीस वर्षं तिथेच असतात आणि ख्यालाला 'अवघड' म्हणून हात लावत नाहीत. भीमपलास, श्री, मालकंस, केदार यांपैकी एक राग धरा आणि त्याच रागाची निरनिराळ्या दशकांतली तीन ध्वनिमुद्रणं मिळवा. त्यातलं एक एलपीवरचं, म्हणजे लाँग प्ले तबकडीवरचं, असू दे. एलपीची बाजू वीस-बावीस मिनिटांची, त्यामुळे तिथे मांडणी घट्ट, आटोपशीर असते. दुसरी दोन मैफलीतली घ्या, सैल आणि लांब.

पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा हातावर ताल धरा. एकतालाच्या बारा मात्रा किंवा तीनतालाच्या सोळा मोजत, मुखडा (बंदिशीची परत परत येणारी सुरुवातीची ओळ) कितव्या मात्रेला उचलला जातो तेवढंच पाहा. कुमारजींच्या गाण्यात ही जागा आवर्तनागणिक, म्हणजे तालाच्या प्रत्येक फेरीला, बदलते. कधी समेच्या (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेच्या) जेमतेम दोन मात्रा आधी एक धारदार सूर तारसप्तकात उमटतो, समेवर आवाज अचानक बारीक होतो, आणि पुढचं अर्धं आवर्तन फक्त तानपुरे आणि ठेका. वसंतराव आचरेकर साथीला असतील तर ती रिकामी जागा तबल्याने भरून टाकलेली नसते, हेही टिपा. तिसऱ्यांदा ऐकताना लक्ष फक्त या गप्प जागांवर. तिन्ही ध्वनिमुद्रणं अशी ऐकलीत की एकच बंदिश उतारवयात कशी विरळ होत गेली ते आपोआप दिसतं.

इथे एक तांत्रिक गोची आहे आणि तिच्यापायी कितीतरी लोकांचा कुमारजींबद्दल गैरसमज झालाय. खाजगी मैफलींच्या जुन्या टेप संगणकावर उतरवताना 'आवाज साफ' करायची हौस असते. खरखर काढणारी गाळणी जरा जास्त लावली की खरखरीबरोबर तानपुऱ्याचा झणत्कारही जातो. इतर गवयांच्या सलग गाण्यात हे खपून जातं. कुमारजींच्या गाण्यात गप्प जागा म्हणजे तानपुऱ्याची जागा. तानपुरे सुरात लावण्यावर ते जो वेळ घालवत तो काही उगाच नव्हे. ती भरलेली शांतता कापली गेली की गाणं तुटक वाटतं, आणि ऐकणारा म्हणतो, "हे काय तुकडे तुकडे गातात!" शक्य तेव्हा खरखरीसकटची प्रत घ्या.

दुसरा दोष वेगाचा. टेप पळवली की आवाज चढा आणि पातळ येतो, डग्ग्याचा घुमार जातो. त्याच काळातल्या दुसऱ्या ध्वनिमुद्रणाच्या तानपुऱ्याशी षड्ज (सा) जुळवून पाहा. पट्टी अर्ध्या स्वराने वर, म्हणजे पेटीवरच्या काळी एकच्या जागी पांढरी दोन निघाली, तर गाणं साधारण सहा टक्के वेगाने पळतंय, तीस मिनिटांचं गाणं सव्वाअठ्ठावीस मिनिटांत संपतंय. वेग ९४.४ टक्क्यांवर आणा. मात्र सॉफ्टवेअरमध्ये वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय निवडा, नुसती पट्टी उतरवलीत तर लय पळतीच राहील. यात एक धोका आहे: एखाद्या मैफलीत मुळातच पट्टी वेगळी असू शकते. डग्गा आणि बोलण्याचा आवाज नैसर्गिक वाटत असेल तर हात लावू नका.

आता उताराबद्दल. कुमारजींच्या बाबतीत उतार एकच नव्हता. १९६१ साली भानुमती गेल्या. 'घराणं सोडलं', 'विलंबित (संथ लयीतला ख्याल) नीट भरत नाही' ही टीका वर्षानुवर्षं चालली, आणि टीका करणारे काही अडाणी नव्हते. सावकाश, पायरीपायरीने बढत ऐकायची सवय असलेल्या कानाला इथे खरंच काहीतरी कमी वाटतं. चाहत्यांनी ते सरळ मान्य करावं. बालगंधर्वांची पदं त्यांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' म्हणून आपल्या पद्धतीने मांडली, तेव्हाही मतभेद झालेच, आणि मूळ लडिवाळपणा हवा असणाऱ्याला ती पदं आजही रुचत नाहीत. त्याच माणसाने ऋतूंवरचे गीतवर्षा, गीतहेमंत, गीतवसंत हे कार्यक्रम बांधले, १९६५ साली 'अनूपरागविलास'मध्ये स्वतःच्या बंदिशी छापून सगळ्यांसाठी खुल्या केल्या. प्रयोग करणाऱ्याच्या मैफली एकसारख्या रंगत नाहीत. फसलेली मैफल हाती लागली तर ती पुसून टाकू नका, त्याच रागाच्या रंगलेल्या मैफलीशेजारी ठेवा. न साधलेली जागा पुढे कधीतरी साधलेली सापडते.

शेवटच्या दशकात आवाजाचा कस कमी झालेला ऐकू येतो. १९९०चा पद्मविभूषण किंवा १२ जानेवारी १९९२ ही देवासमधली अखेर डोक्यात ठेवून ऐकलं तर माणूस हळवा होतो आणि सगळंच थोर वाटायला लागतं. तसं ऐकू नका. तारसप्तक कुठे टाळलंय, त्याऐवजी काय केलंय, एवढं पाहा. मागे बसलेल्या वसुंधराताईंचा (कुमारजींच्या दुसऱ्या पत्नीचा) सूर कुठे येतो आणि कुठे मुद्दाम येत नाही, तेही.

मुलगा मुकुल शिवपुत्र, मुलगी कलापिनी, नातू भुवनेश यांचं गाणं कधी ऐकायचं, असंही विचारता. केव्हाही, पण कुमारजींची प्रत शोधायला म्हणून नको. एक सोय मात्र आहे: जुन्या टेपमध्ये बंदिशीचे शब्द पुष्कळदा गिळले जातात, आणि तीच बंदिश या मंडळींच्या अलीकडच्या ध्वनिमुद्रणात अक्षर न् अक्षर कळते. शब्द तिथून उतरवून घ्या आणि मग परत जुनी टेप लावा.