वार चुकला होता

आज ताईच्या लग्नाची पत्रिका छापायला टाकायची म्हणून अंबाजोगाईला गेलतो. दुकानवाल्या दादांना जन्मापासून ऐकू येत नाही, पण सगळं डिझाईन तेच करतात, कोरलड्रॉ या डिझाईनच्या सॉफ्टवेअरवर हात असा चालतो की बघतच बसावं. मी मजकूर दिला तर त्यांनी तारखेवर बोट ठेवलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर. वार चुकला होता! घरातल्या सात जणांनी वाचलेला मजकूर होता तो.

मागं छोटं ऑफसेट मशीन चालू होतं, दादांचा डावा हात सारखा टेबलावर, मधीच पळत गेले आन अडकलेला कागद काढला, मला आवाजात काहीच फरक कळला नव्हता, त्यांना टेबलाच्या थरथरीतून कळलं. वहिनींनाही ऐकू येत नाही, बाइंडिंग आणि हिशोब त्यांच्याकडं. आठवीतली पोरगी शाळेतून आली की गिऱ्हाइकांचे फोन घेते आन आईबापाशी भराभर हातानं बोलते. तिनं मला माझं नाव शिकवलं, आपल्याकडं इंग्रजी अक्षरं दोन्ही हातांनी करतात, लै वेळ लागला मला. भिंतीवर 23 सप्टेंबरचं, सांकेतिक भाषा दिनाचं पोस्टर होतं, दादांनीच केलेलं.

लोक अजून 'मुक्याचं दुकान' म्हणतात, मला ते अजिबात पटत नाही. पाटीवर एवढं मोठं नाव लिहिलंय, ते घ्या की.

रात्री व्हॉट्सॲपवर प्रूफ आलं. आईचं नाव बाबांच्या नावाएवढ्याच मोठ्या अक्षरात केलंय त्यांनी, मी सांगितलं नव्हतं. आई मघापासून मोबाईल हातात घेऊन बसलीय.