उन्हाळी शिबिर नको, वर्षातल्या पाच सकाळी द्या

वनस्पती उद्यानात मुलांसाठी काही करायचं म्हटलं की आपल्या जळगाव-धुळ्याकडे पहिली सूचना येते ती उन्हाळी शिबिराची. शाळेला सुट्टी, मामाच्या गावाला आलेली पोरं घरात कंटाळलेली, आई-वडिलांनाही ते सोयीचं. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ अंशांवर असतो, सकाळी साडेआठलाच ऊन चटका देतं आणि पाहण्यासारखं जे असतं ते बहुतेक संपलेलं किंवा सुरूच न झालेलं असतं. पळसाचा बहर फाल्गुनातच उरकतो, लिंबोळ्या जूनमध्ये पिकतात, सुरवंट पावसाळ्यात. म्हणून आता आम्ही मे महिना पूर्ण सोडतो आणि त्याच कुटुंबांना वर्षातून पाचदा बोलावतो: जुलै, सप्टेंबर, दसऱ्याच्या आधीचा रविवार, डिसेंबर आणि होळीच्या आधी. नाव नोंदवतानाच पाचही तारखा सांगतो. एकदा येऊन गेलेलं मूल झाडांची नावं ऐकून जातं, पाच वेळा आलेलं मूल झाड बदलताना बघतं.

परवानगीचं काम कंटाळवाणं असलं तरी ते कागदावरच हवं. उद्यानाच्या कार्यालयाला दिलेल्या पत्रात तारीख, संख्या आणि जबाबदार व्यक्ती यांच्याबरोबर फाटक किती वाजता उघडून हवं ते ठळक लिहायचं. वेळ लिहिली नाही तर फाटक कार्यालयाच्या वेळेला उघडतं आणि सकाळ हातची जाते. दुसरी चौकशी माळीदादांकडे: गेल्या आठ दिवसांत कुठे फवारणी झाली का, आणि त्या दिवशी पाणी सोडायची पाळी कोणत्या वाफ्यांची आहे. फवारलेल्या भागात मुलांना पानं हाताळू द्यायची नाहीत. पाणी सोडलेल्या काळ्या मातीत तर चप्पलच काय, अख्खा बूट रुतून बसतो.

वाट ठरवायला आठ दिवस आधी त्याच वेळेला स्वतः चालून पाहावं. सकाळी सातची सावली नऊ वाजता तिथे नसते. आम्ही खडूने खुणा करतो आणि सावली जिथे शेवटपर्यंत टिकते तिथेच थांबे ठेवतो. एकूण चाल ४०० मीटरपेक्षा जास्त नको, थांबे पाचच, प्रत्येकी बारा ते पंधरा मिनिटं. आठ मुलांमागे एक मार्गदर्शक, एका दिवसाला चोवीस मुलं. पाच वर्षांखालची भावंडं वेगळ्या गटात, त्यांना पाऊण तास पुरे. डिसेंबरात आठला सुरू केलं तरी चालतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये सातलाच, कारण नऊनंतर मुलांचं लक्ष पाण्याच्या बाटलीत असतं. ध्वनिक्षेपक अजिबात नको. आवाज वाढला की पक्षी जातात, आणि झाडावर आग्यामोहोळ असेल तर गोंगाट धोक्याचा. वाटेजवळ असं पोळं दिसलं तर ती वाट त्या दिवशी रद्द, चर्चा नाही. अत्तर लावून येऊ नका, हे नोंदणीच्या निरोपातच लिहून टाकायचं.

सामान थोडंच लागतं, पण त्यातही चुका होतात. दहा पटीचं छोटं भिंग दोन मुलांत एक, गळ्यात अडकवायला दोरीसह. मुलं भिंग हातभर लांब धरतात आणि 'दिसत नाही' म्हणतात. भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि वस्तू त्याच्याजवळ आणायची, साधारण अडीच सेंटिमीटरवर ती स्पष्ट होते. हे पहिल्या पाच मिनिटांत स्वतःच्या बोटाच्या रेषांवर करून घ्यायचं, नाहीतर पुढचा सगळा वेळ वाया. भिंगाने उन्हात पालापाचोळा पेटवायचा प्रयोग कोणीतरी करणारच, म्हणून उघड्यावर चालताना भिंग खिशात. पांढरी जुनी चादर: फांदीखाली धरून फांदी हलकेच झटकली की चादरीवर कोळी, ढेकूणवर्गी किडे, अळ्या असं सगळं पडतं. शिंप्याची टेप दीड मीटरची असते, मोठ्या बुंध्याला ती पुरत नाही. सुतळीने वेढा घ्यायचा आणि सुतळी मोजायची. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजायची पद्धत आहे. तिथे खडूची रेघ मारून ठेवली नाही तर प्रत्येक मूल आपापल्या छातीच्या उंचीवर मोजतं आणि पाच भेटींचे आकडे जुळत नाहीत.

आमच्याकडे घेर मोजायला अंजन निवडतो. खान्देशाच्या कोरड्या रानातलं हे झाड. पान म्हणजे बुडाशी जोडलेल्या दोन पाकळ्यांसारख्या पर्णिका, फुलपाखराने पंख उघडावेत तशा. 'दोन पानांचं जोड-पान शोधा' एवढंच सांगायचं, नाव मागाहून.

मोठ्या माणसांचं काय करायचं, हा खरा प्रश्न. मुलाला प्रश्न विचारला की उत्तर बाबा देतात, आई फोटो काढते. म्हणून पालकांना काम द्यायचं: वही आणि पेन्सिल त्यांच्या हाती, मूल जे म्हणेल ते जसंच्या तसं उतरवायचं, पहिली दहा मिनिटं झाडाचं नाव सांगायचं नाही. आजी-आबा आले तर मात्र उलट. त्यांना पुढे बसवायचं. आजी बाभळीला 'बाभूय' म्हणते ते वहीत तसंच लिहायचं, दुरुस्त करायचं नाही. झाडाचा पाला कशाला लागला, शेंगा कोणाला घातल्या, काड्या कशाच्या वापरल्या हे त्यांना माहीत असतं आणि ते आमच्या फलकावर नसतं. वाटेत एक छोटा खेळ घेतो: नावात झाड दिसणारी आपल्याकडची गावं सांगा. पळसनेर, पिंपळनेर, पिंप्राळा, चिंचोली अशी यादी वाढत जाते.

जुलैची भेट लिंबोळीची. कडुनिंबाचं बी दोन-तीन आठवड्यांत उगवणशक्ती गमावतं, म्हणून गेल्या वर्षी डबीत जपून ठेवलेलं बी हमखास फसतं. पिवळ्या, नुकत्या पडलेल्या लिंबोळ्या गोळा करायच्या, गर चोळून धुवायचा, बी एक दिवस सावलीत सुकवायचं आणि लगेच लावायचं. पिशवीत एक भाग माती, एक भाग वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत. नुसती काळी माती भरली तर पाणी दिल्यावर ती चिकट गोळा होते, सुकली की भेगाळते आणि कोंब अडकतो. बी आडवं, एक-दीड सेंटिमीटर खोल. पहिले कोंब आठ-दहा दिवसांत दिसू लागतात, काही मागे राहतात, त्यांना तीन आठवडे द्यावेत. दुधाची रिकामी पिशवीही चालते, मात्र तळाला भोकं पाडायला विसरू नये. नावाची काडी पेन्सिलने लिहायची. स्केचपेन पहिल्याच सरीत धुऊन जातं, मग कोणतं रोप कोणाचं यावरून रडारड होते.

सप्टेंबरात रुईचं झुडूप. पानाच्या खालच्या बाजूला एकेकटं फिकट अंडं, शेजारी काळे-पांढरे-पिवळे पट्टे असलेला सुरवंट, अंगावर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. हा प्लेन टायगर फुलपाखराचा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर जोराची आग होते, म्हणून पानं फक्त मार्गदर्शकाने तोडायची आणि हात धुतल्याशिवाय पुढे जायचं नाही. चीक गेलाच तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा.

घरी एखादा सुरवंट पाळायला द्यायचा असेल तर बरणी उंच हवी, तोंडाला झाकण नको, मलमलचं फडकं. झाकण लावलं की पानाच्या ओलाव्याने आत दव धरतं, बुरशी येते आणि सुरवंट मरतो. पान रोज ताजं पण कोरडं पुसून, लेंड्या रोज काढायच्या. कोष लटकायला आत एक काडी तिरकी उभी करायची. बरणी बुटकी असेल तर नव्या फुलपाखराला लटकून पंख पसरायला जागा मिळत नाही आणि पंख कायमचे चुरगळलेले राहतात. बाहेर आल्यावर दोन तास हात लावायचा नाही. कधी कधी कोषातून फुलपाखराऐवजी माशी निघते. सुरवंटाच्या अंगात तिने आधीच घर केलेलं असतं. हे मुलांपासून लपवू नये. ती माशीही त्या झुडपाच्या जगातलीच आहे.

दसऱ्याआधीची भेट मुद्दाम आपट्यासाठी, कारण बाजारात सोनं म्हणून कांचनाच्या फांद्या सर्रास येतात. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद. कांचनाचं मोठं आणि पातळ. दोन्ही पानं शेजारी ठेवून टेपने मोजली की मूल आयुष्यभर फसत नाही. एक पान दिलं तरी सोनंच, फांदी ओरबाडायची गरज नाही, हे त्याच वेळी घरच्यांच्या कानावर जातं.

त्याच दिवशी उंबर. 'उंबराचं फूल झालास' असं आपण क्वचित दिसणाऱ्याला म्हणतो. मार्गदर्शकाने एक कच्चं आणि एक पिकू लागलेलं उंबर उभं कापायचं आणि भिंगाखाली द्यायचं. आतल्या भिंतीला दाटीने लागलेले जे इवले दाणे दिसतात, तीच फुलं, शेकडो. पिकू लागलेल्यातून बारीक किडे बाहेर येतात. 'ई, सडकं' असं पालकच आधी म्हणतात. सडकं नाही: हे चिमुकले गांधीलवर्गी कीटक टोकाच्या छिद्रातून आत शिरतात, परागीभवन करतात आणि तिथेच अंडी घालतात. कीटकाशिवाय उंबराला बी नाही, उंबराशिवाय कीटकाला जागा नाही. आमच्या सगळ्या थांब्यांत मुलं सर्वात जास्त वेळ इथे रेंगाळतात. त्या दिवशी बाकीचा एखादा थांबा गाळावा, हा नाही.

डिसेंबरात केळी. रावेर-यावल-चोपड्याकडच्या पोराला केळी शिकवायची काय, असं वाटतं. पण 'केळीचं झाड' म्हणणाऱ्या प्रत्येकाला खांब आडवा कापून दाखवावा. घड उतरवलेला खांब शेतकरी आनंदाने देतात. हातभर लांबीचे तुकडे विळ्याने करायचे, काम मोठ्यांचं. कापावर लाकूड कुठेच नाही: एकात एक गुंडाळलेले पानांचे देठ, प्रत्येकात हवेच्या पोकळ्यांची जाळी, आणि मधोमध पांढरा गाभा. तो गाभा म्हणजे घडाचा दांडा, जमिनीतल्या कंदापासून वर चढत गेलेला. मुलांनी एकेक थर सोलून मोजायचा आणि शेवटी दांड्यापर्यंत पोचायचं. खरं खोड जमिनीत आहे आणि मुनवे, म्हणजे बाजूची नवी पिल्लं, तिथूनच फुटतात, हे मग सांगावंच लागत नाही. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही. जुने कपडे घालून या, हा निरोप दोनदा पाठवावा, कारण पहिल्यांदा कोणी वाचत नाही.

होळीआधीच्या भेटीत पळस. दहा मिनिटं झाडापासून वीस पावलांवर गप्प बसायचं आणि कोण कोण आलं त्याच्या रेघा मारायच्या: मैना, बुलबुल, शिंजीर, खार. नंतर खाली पडलेलीच फुलं उचलायची, झाडावरची नाही. सावलीत वाळवलेल्या पाकळ्या दोन मुठी, पाणी एक लिटर, दहा मिनिटं उकळून रात्रभर ठेवायचं आणि गाळायचं. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की पिवळा रंग गडद नारिंगी होतो. पाकळ्या ओल्या असतानाच पिशवीत बांधल्या तर दुसऱ्या दिवशी बुरशीचा वास येतो आणि रंग मळकट उतरतो. पळसाला पानं तीनच, ही म्हण त्या दिवशी प्रत्येकाने फांदीवर मोजून खरी करून घ्यायची.

सुरक्षेचं थोडक्यात, पण यात तडजोड नाही. पूर्ण बंद बूट, माणशी एक लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी. दगड हाताने उचलायचा नाही. काठीने दगडाची पलीकडची कड आधी उचलायची, म्हणजे खालचा विंचू आपल्या बाजूला न येता पलीकडे निघतो. गुंजेच्या लाल-काळ्या बिया, एरंडाच्या बिया, कण्हेर, धोत्रा यांची ओळख पहिल्याच भेटीत, 'तोंडात नाही' या एका वाक्यासह. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. तो अवयव स्थिर ठेवायचा, १०८ ला फोन करायचा आणि प्रतिविष असलेल्या रुग्णालयाची माहिती आधीच खिशात ठेवायची. नोंदणीच्या कागदावर शेंगदाण्याची किंवा मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी विचारणारा रकाना हवाच, कारण खाऊ म्हणून आपण गूळ-शेंगदाणेच देतो.

पुढच्या जूनमध्ये नवी नोंदणी सुरू होण्याआधी जुन्या मुलांना त्यांची कडुनिंबाची रोपं घेऊन बोलावतो. जगलेली आणि मेलेलीही. मेलेल्या रोपाची पिशवी फेकू नका, असं वर्षभर सांगावं लागतं. ती वर्तमानपत्रावर उलटी करून मुळं बघायची. काळपट, मऊ, वास मारणारी मुळं म्हणजे पाणी जास्त झालं आणि भोकं बुजली. कोरडी, ठिसूळ मुळं आणि मातीचा दगड म्हणजे मे महिन्यात घराला कुलूप होतं. मूळ तळाशी गोल गोल फिरलेलं असेल तर रोप पिशवीत फार काळ राहिलं. मूल स्वतःच कारण शोधतं, वहीत लिहितं, आणि त्याच पिशवीत यंदाची ताजी लिंबोळी लावतं.