भाच्याचे स्की बूट
आज दुपारभर आमच्या ओसरीत स्की बुटांचंच चाललं होतं. बाहेर अंगणात कापूस पडलेला, आत भाच्याची गुलमर्गची तयारी. तिथल्या अफरवट डोंगराचा उतार, कुठं भुसभुशीत बर्फ, कुठं टणक, आणि त्याला जायचंय वेगात. अशा स्कीइंगला ढिला बूट चालतच नाही. गुडघा झुकला की त्याच क्षणी स्की वळली पाहिजे. बुटात पाय हलला तर सगळा जोर तिथंच जिरतो.

भिंतीला टाच टेकवून, पेपरवर खूण करून पाय मोजला. २६.५ सेंटीमीटर. स्की बुटाचा नंबर म्हणजे हाच, मोंडोपॉइंट. मग आतलं मऊ लायनर काढलं, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवली. टाचेमागे फट जेमतेम दीड सेंटीमीटर. बरोब्बर! दोनच्या वर असती तर मी बूट परतच करायला लावले असते.

लायनर घालून उभा राहिला तसा म्हणाला, "मामा, बोटं टेकून राह्यले." म्हटलं, गुडघे वाकव. वाकवले, तशी टाच मागे बसली अन् बोटं सुटली. हेच पाहायचं असतं. पायात मोजा एकच, पातळ.

फ्लेक्स, म्हणजे बुटाचा कडकपणा, १२०. पण हा आकडा कंपनीगणिक बदलतो, म्हणून नडगी पुढे रेटून पाहणं मला जास्त पटतं. शिवाय इथल्या उन्हात मऊ वाटणारं प्लास्टिक बर्फात आणखी कडक होतं.

घोट्याच्या हाडाला थोडं घासतंय. तेवढीच जागा बूटफिटरकडून तापवून वाढवून घेऊ. त्यापायी मोठा नंबर मी त्याला घेऊ देणार नाही.