तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं सगळं येतं कसं?

मोटर वायंडिंग करतो, नळकाम करतो, घराची वायरिंग करतो, भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतो. सांगलीत ज्याच्या घरी कामाला जावं तो चहा पुढं करत विचारतोच, "तुम्हाला एवढं सगळं येतं कसं ओ?" आणि पाठोपाठ 'हरहुन्नरी' हा शब्द येतो. (तो आला की बिलात सूट मागणार, हे ठरलेलं.) वडिलांचं मत वेगळं होतं. एक ना धड, भाराभर चिंध्या, म्हणायचे.

खरं सांगू? एकेक काम सुटत गेलं, म्हणून पुढचं आलं.

दहावीनंतर मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका चाचांकडं लागलो. पहिले सहा महिने भिजवलेल्या भोपळ्यातला वाळका गर खरवडत होतो. मग जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा आवाज, काढताना त्यांनी शेजारी बसू दिलं. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानसीनं जरासा घासायचा, तार छेडायची, परत घासायचा. तारेखाली सुताचा धागा सरकवत नेला की एका जागी आवाज एकदम फुलतो. केसभर पुढं गेला की मेला. "डोळं मिट, मग सांग," एवढंच चाचांचं शिकवणं. दोन वर्षांनी लाकडाच्या भुश्शानं मला दमा धरला. सुटलं.

पुढं वायंडिंगच्या दुकानात. मोटर आली की मी चालू करून स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचो आणि मूठ कानाला लावायचो. बेअरिंग गेलंय की रोटर घासतोय, खोलायच्या आधीच कळायचं. तो कान मिरजेचा. बाकी सगळं मात्र नव्यानं शिकलो. जळालेली कॉइल सोडताना वेढे मोजायचे, तारेचा गेज लिहून ठेवायचा. एकदा मोजताना गप्पा मारल्या. शेतकऱ्याची मोटर आठवड्यात परत जळाली आणि तांब्याचे पैसे माझ्या पगारातून गेले.

2019 च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. दुकान बुडालं, मालकानं परत उघडलंच नाही. पण गावभर घराघरात चिखल, बोर्डात पाणी, नळ तुंबलेले. मोटरी धुऊन, वाळवून, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावल्याशिवाय चालू करायच्या नाहीत, हे मी दारोदार सांगत फिरत होतो. लोक म्हणायचे, आलाच आहात तर एवढा नळ बघा, तेवढं बटण बघा. वायरिंग आणि नळकाम हाताला लागलं ते असं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट मला यामुळंच आवडते. रंग नीट ओळखू येईनात म्हणून चित्रकला सुटली, मग मुंबईत यंत्रांची ड्रॉइंग शिकवली, बेळगावात सायकली विकल्या, लोखंडी नांगर केले. तिथली जागाही सुटली, तेव्हा 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बरोबरी करत नाही हो, सुटण्यावरून आठवलं.

पेट्यांचं काम सगळ्यात नवं. तोंडाला रुमाल बांधून भाता खोलतो, डोळे मिटून एकेक सूर वाजवतो. परवा एका मंडळाच्या पेटीत काळी चार गप्प होती. आतून झुरळाचा पंख निघाला. चारशे रुपये सांगितले. अध्यक्षांनी दोनशे दिले, वर नारळ ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही काय, हरहुन्नरी माणूस!"