नागपूर ते नगर, फक्त रणगाडे पाहायला

वाद सुरू झाला कस्तुरचंद पार्कजवळ, तर्री पोह्याच्या ठेल्यावर. इतिहासावर सगळ्यात जास्त परिणाम कोणत्या टँकचा झाला? चुलतभाऊ रशियाच्या टी-३४ वर अडून बसला, त्याचा मित्र अमेरिकेचा शर्मन म्हणे, आणि कामठीचे आमचे काका (सैन्याच्या गार्ड्स रेजिमेंटमधून रिटायर झाले, कामठीलाच गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर, म्हणून घरही तिथंच बांधलं) शांतपणे प्लेट ठेवून म्हणाले, "मोबाइलवर फोटो पाहून काय भांडून राहिले बे, नगरच्या टँक म्युझियममध्ये जाऊन हात लावून पाहा एकदा." झालं. शनिवारी पहाटे साडेचारला आम्ही चौघं गाडीत, काका पुढच्या सीटवर.

रस्त्याचं आधी सांगतो. शिवमडक्याहून समृद्धीला लागायचं, शिर्डीपर्यंत साधारण ५२० किमी सरळ, तिथून राहुरीमार्गे नगर अजून ऐंशीच्या वर. समृद्धीवर कारला १२० ची लिमिट आहे, ती पाळाच, आणि निघायच्या आधी टायर नीट चेक करा, जुने असतील तर सरळ बदला, कारण सिमेंटचा रस्ता आणि ऊन मिळून टायरची वाट लागते. रस्ता इतका सरळ आहे की डोळा लागतो, आम्ही दर दीड तासाला ड्रायव्हर बदलत होतो. खायचं घरून न्या, काकूंनी पोळ्या आणि सुकी भाजी दिली होती म्हणून निभलं. शिर्डी ते नगर पट्टा मात्र संथ आहे, दोन तास धरूनच चाला. त्याच दिवशी म्युझियम उरकायची घाई नको, नगरला मुक्काम करा आणि सकाळी ताजेतवाने जा. मोकळ्या मैदानात लोखंड उभं आहे, दुपारी हात लावायची सोय राहत नाही. टोपी, पाणी आणि ओळखपत्र सोबत ठेवा.

कॅव्हलरी टँक म्युझियम सोलापूर रोडच्या बाजूला, फराह बागेजवळ. १९९४ साली आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूलनं सुरू केलं. आत शिरल्यावर काकांनी पहिली गोष्ट दाखवली ती ही की जवळपास सगळ्यांची ठेवण एकच आहे, ड्रायव्हर पुढं, वर फिरणारं टरेट (तोफेचा घुमट), इंजिन मागं. ही ठेवण १९१७ च्या फ्रेंच रेनॉ एफटीनं रूढ केली, म्हणून काकांचं मत रेनॉला. त्याआधी सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत उतरलेल्या ब्रिटिश मार्क १ ला टरेटच नव्हतं, तोफा दोन्ही कुशीला. मग आर्चर पाहा म्हणजे फरक कळतो, व्हॅलेंटाइन टँकच्या सांगाड्यावर १७ पाउंडर तोफ बसवली आणि तिचं तोंड चक्क मागच्या बाजूला. आम्ही दोन चकरा मारल्या तेव्हा कुठं पुढचं कोणतं न् मागचं कोणतं ते उमगलं.

चुलतभावाचं टी-३४ बद्दलचं म्हणणं चूक नाहीच. तिरपा पत्रा, डिझेल इंजिन, चिखलात न रुतणारे रुंद पट्टे, आणि सगळे प्रकार धरून ऐंशी हजारांवर बनले, हिटलरची फौज मागं रेटण्यात त्याचा वाटा कोण नाकारेल.

पण माझं मत बदललं ते जपानी हा-गोसमोर. एवढासा टँक हो! साडेसात टनही नाही, पत्रा जाड असेल तिथं १२ मिलिमीटर, अंगभर रिव्हेट, टरेटमध्ये एकच माणूस, त्यानंच पाहायचं, भरायचं, डागायचं. मी त्या रिव्हेटांवरून बोट फिरवत उभा राहिलो. युरोपात हा एक दिवस टिकला नसता. पण मलायाच्या जंगलात टँक चालणार नाहीत असं धरून इंग्रजांनी तिथं टँकच ठेवले नव्हते, आणि ७ जानेवारी १९४२ ला स्लिम नदीपाशी हा-गो आणि त्याचा मोठा भाऊ ची-हा अंधारात रस्त्यानं सरळ घुसले न् काही तासांत ११ वी इंडियन डिव्हिजन मोडली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं. तिथं कैद झालेल्या आपल्या जवानांमधूनच आझाद हिंद सेना उभी राहिली. मग सांगा, परिणाम कोणाचा मोठा?

आपल्या फौजेचा हलका टँक स्टुअर्टही तसाच. १ नोव्हेंबर १९४८, झोजी ला खिंड, साडेअकरा हजार फूट, बर्फ. पायदळाचे आधीचे हल्ले फसले होते. ७ लाइट कॅव्हलरीनं कच्च्या पुलांसाठी टरेट काढून टँक गुपचूप वर आणले, त्यांचे कमांडर राजिंदर सिंग 'स्पॅरो' पुढं होते, जनरल थिमय्या स्वतः हजर. समोरच्या पाकिस्तान्यांना तिथं टँक दिसेल हे स्वप्नातही नव्हतं. खिंड मोकळी झाली, महिनाअखेरीपर्यंत कारगिल हाती आलं न् लेहचा रस्ता जोडला गेला. लडाख आज नकाशावर आपल्याकडं आहे त्यात या हलक्या टँकचा वाटा आहे, हे मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

याच्या उलट पाकिस्तानचा पॅटन. १९६५ मध्ये तो आपल्या बहुतेक टँकपेक्षा नवा होता, तरी असल उत्तरला उसाच्या आणि पाणी सोडलेल्या शेतांत फसला, आपल्या अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं पॅटन टिपले. काका तिथं बराच वेळ बोलले.

सेंच्युरियनपाशी आल्यावर मात्र ते गप्प झाले. मग म्हणाले, "अरुण खेत्रपाल १९७१ मध्ये इथंच, नगरला कोर्स करत होता ना, इथूनच लढाईवर गेला." १६ डिसेंबरला बसंतरच्या लढाईत टँक पेटला तरी तोफ चालते म्हणून त्यानं तो सोडला नाही, तिथंच शहीद झाला. वय २१. त्याचा 'फामागुस्ता' नावाचा तो टँक नगरच्याच आर्मर्ड कोर स्कूलमध्ये जपून ठेवलाय. काकांनी टोपी काढली न् मडगार्डवर तळहात टेकवून थोडा वेळ उभे राहिले. आम्हीही.

म्हणून घाईनं फोटो काढत फिरू नका, निदान तीन तास ठेवा, आणि घरात कोणी फौजेतून रिटायर झालेलं असेल तर त्यांना सोबत घ्याच. परतताना सकाळी लवकर निघा, रात्रीचं समृद्धीवर येऊ नका. चुलतभाऊ जालन्यापर्यंत टी-३४ च म्हणत होता, काका मागं झोपले होते.