ओंडक्यांच्या पुलावरून

१६ ऑगस्ट २०२५, रात्र

परवा जाहीर झालेली शौर्य पुरस्कारांची यादी आज निवांत वाचली. कीर्ती चक्राच्या मानकऱ्यांत लेफ्टनंट शशांक तिवारी, मरणोत्तर. मे महिन्यात वाचलेली बातमी झटकन आठवली.

२२ मे, उत्तर सिक्कीम. लष्कराच्या सिक्कीम स्काउट्स या रेजिमेंटची गस्त घेऊन २३ वर्षांचे तिवारी एका ठाण्याकडे निघाले होते. कमिशन मिळून सहा महिनेही झाले नव्हते. ओंडक्यांच्या पुलावर एका अग्निवीराचा पाय घसरला, तो प्रवाहात पडला. तिवारींनी मागोमाग उडी टाकली. नाईक हुद्द्याचा एक जवानही धावला. दोघांनी मिळून त्या पोराला वाचवलं. तिवारींना मात्र पाण्याने ओढून नेलं. अर्ध्या तासाने, सुमारे ८०० मीटर खाली त्यांचा मृतदेह मिळाला.

आप्पाकाकांनी मला विहिरीत पोहायला शिकवलं, तेव्हा पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बुडणाऱ्याच्या समोरून जायचं नाही. तो गळ्यालाच मिठी मारतो." तरी एकदा धाकट्या चुलतभावासाठी मी समोरूनच गेलो. त्याची नखं मानेत रुतली, नाकातोंडात पाणी गेलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला झटकून वर यावंसं वाटलं. आप्पांनी दोर सोडला म्हणून दोघे वाचलो. ते तर उन्हाळ्यातलं, थांबलेलं पाणी. डोंगरातल्या बर्फाच्या पाण्यात पडताक्षणी श्वास अडकतो, हातपाय जड होतात. गस्तीवरच्या माणसाच्या पायात बूटही असतात.

डेहराडूनच्या सैनिकी अकादमीत, चेटवूड सभागृहात कोरून ठेवलंय: आधी देश, मग हाताखालचे जवान, स्वतःची सुरक्षा सगळ्यात शेवटी, नेहमी आणि प्रत्येक वेळी. तिथून बाहेर पडणारा प्रत्येक अधिकारी ते वाचतो. पण पुलावर ते आठवायला वेळ कुठे होता? ते अंगातच मुरलेलं असणार.

कीर्ती चक्र शांतताकाळातलं, युद्धातल्या शौर्यासाठीच्या महावीर चक्राच्या तोडीचं. समोर शत्रू नव्हता, हुकूम देणारं कुणी नव्हतं. हुकूम द्यायचा अधिकार तिवारींकडेच होता. दुसऱ्याला पाठवता आलं असतं. हेच मला राहून राहून आठवतंय.

रात्री आप्पांना फोन करून बातमी वाचून दाखवली. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो पोरगा वाचला ना पण?"

"वाचला, आप्पा."