जुना ट्रेलर घ्यायचाय, कुठल्या कंपनीचा घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या वाढदिवसाला, हल्ली तर फोनवरही हा प्रश्न मला सतत येतो. गाडीमागे जोडून न्यायचा कॅम्पिंगचा ट्रेलर घ्यायचा आहे, नवा परवडत नाही, मग जुन्यात कुठल्या कंपनीचा चांगला? माझं उत्तर छोटं आहे. कंपनीचं नाव मागाहून बघा, आधी छप्पर बघा. कोरडा ट्रेलर बहुतेक कुठल्याही कंपनीचा चालेल. ओल शिरलेला मात्र कुठल्याच कंपनीचा घेऊ नका, अर्ध्या किमतीत मिळाला तरी नको.

कंपनीला मी इतकं खाली का ढकलते, तेही सांगते. आम्ही मिशिगनच्या दक्षिणेला राहतो. इथून तासाभरावर इंडियानातलं एल्कहार्ट आहे. अमेरिकेत विकले जाणारे बहुतेक ट्रेलर त्या एका काउंटीत आणि आजूबाजूच्या गावांत तयार होतात. नावं ढीगभर दिसतात, पण त्यातली बरीचशी थॉर, फॉरेस्ट रिव्हर आणि विनेबेगो या तीन समूहांची आहेत. जेको २०१६ मध्ये थॉरकडे गेली, त्याच वर्षी ग्रँड डिझाइन विनेबेगोकडे. खालची लोखंडी चौकट, अ‍ॅक्सल, फ्रिज, फर्नेस (आत ऊब देणारी भट्टी) हे सगळं मोजक्या पुरवठादारांकडून सगळ्यांकडे जातं. अनेक कारखान्यांत मजुरी नगावर मिळते, त्यामुळे हात भराभर चालतात. एकाच मॉडेलचे, एकाच महिन्यात बनलेले दोन ट्रेलर सारखे निघतीलच असं नाही. आणि सात-आठ वर्षांनी तर कारखान्यापेक्षा आधीच्या मालकाचा हात त्यात जास्त दिसतो.

आता छपराबद्दल. ट्रेलरची भिंत आतून कशी असते हे पाहिलं की अनेकांचा विश्वास बसत नाही. सगळा मामला वजन कमी ठेवण्याचा. पातळसं लाउआन प्लायवूड, मध्ये लाकडाच्या पट्ट्या किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट, पोकळीत फोम किंवा काचेच्या तंतूंची लोकर, बाहेरून फायबरग्लास नाहीतर पन्हळी अ‍ॅल्युमिनियम. छपरावर पातळ प्लायवूड आणि त्यावर चिकटवलेला रबरासारखा पडदा. त्या पडद्याला कारखान्यातच अनेक भोकं पडलेली असतात. एसीचं चौदा बाय चौदा इंचांचं, पंख्यांची, न्हाणीवरच्या स्कायलाइटचं, सांडपाण्याच्या टाक्यांना हवा लागते त्या नळ्यांची, अँटेनाचं. प्रत्येक भोकाभोवती सीलंटचा थर असतो आणि पाणी बाहेर ठेवायचं काम तोच करतो. ऊन, बर्फ आणि हायवेवरचे हादरे यांनी तो तडकतो. कोकणात मिरगाआधी कौलं चाळून घेतात, तशी ही छपरं दरवर्षी शिडी लावून बघावी लागतात आणि तडा दिसला की बुजवावी लागतात. हे करणाऱ्या मालकाचा पंधरा वर्षांचा ट्रेलर ठणठणीत असतो. न करणाऱ्याचा चार-पाच वर्षांतच आतून कुजायला लागतो, आणि बाहेरून तो अगदी चकचकीत दिसत असतो.

म्हणून बघायला जाल तेव्हा शक्यतो पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांत जा. सोबत शिडी, चांगला टॉर्च आणि ओल मोजायचं छोटं यंत्र घ्या. मॉइश्चर मीटर हार्डवेअरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात तीस-चाळीस डॉलरमध्ये मिळतो. दार उघडलं की आधी नाकाला विचारा. बंद खोलीचा कुबट वास एकदा ओळखीचा झाला की विसरता येत नाही. आत प्लग-इन अत्तरं आणि सुगंधी मेणबत्त्या लावून ठेवलेल्या असतील तर मी जास्त सावध होते. मग सामानाची कपाटं उघडून छताचे चारही कोपरे टॉर्चने बघा. पिवळट-तपकिरी डाग, सुरकुतलेला वॉलपेपर, गंजलेले स्टेपल, एकाच कोपऱ्यात दिलेला ताजा रंग, या सगळ्याचा अर्थ एकच असतो. पलंगाखालची फळी उचलून बघा, सिंकखाली हात घाला. दाराजवळ आणि कोपऱ्यांत टाच दाबून चाला. जमीन दबली तर खालचं लाकूड गेलेलं आहे. बाहेर येऊन भिंतीला गाल लावल्यासारखं उभं राहा आणि तिरप्या उजेडात लांबवर नजर टाका. फायबरग्लासवर फुगवटे किंवा लाटा दिसल्या तर आतल्या प्लायवूडपासून पापुद्रा सुटला आहे. हे नीट दुरुस्त करायचं म्हणजे भिंतच बदलायची. पन्हळी अ‍ॅल्युमिनियमच्या ट्रेलरला असे फुगे येत नाहीत, त्यामुळे तिथे कूज लपून राहते. तिथे मीटरवर जास्त भिस्त ठेवा. छपराच्या कडेला घरगुती सिलिकोन फासलेलं दिसलं तर तेही वाईट लक्षण. त्यावर पुढे दुसरं कुठलंच सीलंट धरत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मंडळातल्या एका जोडप्यासोबत एक ट्रेलर बघायला गेले होते. आत पांढऱ्या विटांसारखा नवा वॉलपेपर, नव्या उशा, नवे पडदे, दोघंही खूश. पुढच्या खिडकीखाली मीटर टेकवला आणि आकडा थेट वर गेला. भिंतीवर अंगठा दाबला तर अंगठा आत गेला. विकणाऱ्याला बहुधा खरंच माहीत नव्हतं, त्याने तो वर्षभरापूर्वी कुणाकडून तरी घेऊन सजवला होता. म्हणून नव्याने सजवलेल्या ट्रेलरपेक्षा मला जुनाट, तपकिरी, मूळ पडद्यांचा ट्रेलर आवडतो. त्यात जे आहे ते दिसतं.

स्लाइड-आउट म्हणजे उभं केल्यावर भिंतीबाहेर सरकणारा भाग. त्याने खोली मोठी होते, मुलांना पावसात आत खेळता येतं, हे खरं. पण ते भिंतीला पाडलेलं मोठं भगदाडही आहे. त्याच्या खालच्या कोपऱ्यांत पाणी हमखास शिरतं. स्लाइडवाला घ्यायचाच असेल तर तो दोनदा आत-बाहेर करायला लावा, रबरी पट्ट्या बघा आणि ते कोपरे खालून दाबून बघा. आणखी एक. स्लाइड आत असताना न्हाणीघरापर्यंत आणि फ्रिजपर्यंत पोचता येतं का हे जरूर पाहा. पुण्याहून आलेले आईबाबा सोबत असतील तर हायवेवरच्या थांब्यावर याचं महत्त्व लगेच कळतं.

ओलीची धास्ती ज्यांना मनापासून आहे त्यांना मी साच्यातल्या फायबरग्लासचे ट्रेलर सुचवते. मिनेसोटातला स्कॅम्प, टेक्सासमधला कसीटा, कॅनडातला एस्केप, आणि जुना बोलर सापडला तर तो. वरचं आणि खालचं अशी दोन कवचं मध्ये जोडलेली असतात, छपराला कडाच नसतात. खिडक्या आणि पंखे तिथेही गळू शकतात, पण गळती शोधायच्या जागा फार कमी. हे लहान असतात आणि किंमत धरून असतात, त्यामुळे स्वस्तात मिळत नाहीत. दोघांना उत्तम, चौघांना अडचण. एअरस्ट्रीमबद्दलही विचारतात. ओहायोतल्या जॅक्सन सेंटरला बनतो, देखणा असतो, पण जुन्या एअरस्ट्रीममध्ये मागच्या बाजूची प्लायवूडची जमीन कुजलेली सापडते. अ‍ॅल्युमिनियमची चमक पाहून टाच दाबायला विसरू नका.

दुसरा मोठा विषय वजनाचा. खरं म्हणजे ट्रेलर शोधायच्या आधी आपली गाडी बघायची. आपल्या लोकांकडे सिएना, ओडिसी नाहीतर हायलँडर असते. सिएना आणि ओडिसीची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड, तीही योग्य जोडणी असेल तर. हायलँडरची बऱ्याच मॉडेलांत ५,०००. जाहिरातीत ट्रेलरचं जे कोरडं वजन लिहितात त्यात पाणी, भांडी, कुकर, तांदूळ, खुर्च्या, अंथरुणं यातलं काही नसतं, बॅटरीही बहुधा नसते. चाळीस गॅलन पाणी भरलं की तेच ३३० पौंडांवर जातं. म्हणून दाराजवळच्या स्टिकरवरचं भरल्या ट्रेलरचं कमाल वजन बघा आणि तो आकडा गाडीच्या मर्यादेच्या बराच आत ठेवा. हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडणीवर, येणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवा. त्याहून कमी असला तर ट्रेलर मागे डुलायला लागतो, आणि त्या डुलण्यात माणसं गेली आहेत. तो भार गाडीच्या पेलोडमध्ये, म्हणजे गाडी स्वतःवर किती वजन वाहू शकते त्यात, मोजला जातो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. त्यावरच्या आकड्यातून घरातल्या सगळ्यांची वजनं, डिकीतलं सामान आणि हिचवरचा भार वजा करा. विक्रेता "अहो, सहज ओढेल" म्हणाला तरी हे गणित स्वतः करा. ओढणं सोपं असतं. उतारावर थांबवणं हा खरा प्रश्न, आणि त्यासाठी गाडीत इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर बसवावाच लागतो.

कुठल्या सालचा घ्यावा? २०२१ मध्ये महामारीतल्या मागणीमुळे उत्तर अमेरिकेत सहा लाखांवर आरव्ही (असे ट्रेलर आणि राहायची सोय असलेल्या गाड्या) कारखान्यांतून बाहेर पडले. तो विक्रम होता. कामगार कमी, माल वेळेवर नाही आणि घाई भरपूर. त्या काळातले ट्रेलर आता जुन्या बाजारात मोठ्या संख्येने दिसतात, एक-दोन उन्हाळे वापरून कंटाळलेल्या लोकांचे. त्यात चांगलेही आहेत, पण माझा कल त्याआधीच्या पाच-सहा वर्षांतल्या, जपून वापरलेल्या ट्रेलरकडे असतो. वीस वर्षांच्या आसपासचा, विचित्र स्वस्त ट्रेलर दिसला तर कतरिना आठवा. २००५ च्या त्या वादळानंतर फेमाने, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या सरकारी संस्थेने, बेघरांसाठी लाखाहून जास्त ट्रेलर आणि मोबाइल घरं घेतली. आत राहणाऱ्यांना डोळ्यांची आग आणि श्वासाचा त्रास सुरू झाला. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने तपासलं तेव्हा आतल्या हवेत फॉर्मल्डिहाइड या त्रासदायक वायूचं सरासरी प्रमाण ७७ पीपीबी (हवेच्या अब्ज भागांत ७७ भाग) निघालं, नेहमीच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त. पुढे ते ट्रेलर लिलावात विकले गेले. त्यांच्यावर "राहण्यासाठी वापरू नये" अशी सूचना चिकटवलेली होती, पण स्टिकर काढायला कितीसा वेळ लागतो? म्हणून टायटलचा, म्हणजे मालकीच्या कागदाचा, इतिहास बघायचा. पुरात बुडालेल्या ट्रेलरचंही तेच: एका राज्यात बुडतो आणि दुसऱ्या राज्यात स्वच्छ कागदांवर विकला जातो. चौकटीवर कोरलेला सतरा अंकी-अक्षरी व्हीआयएन (ओळख क्रमांक) टायटलशी ताडून घ्या आणि त्यावरून एनएचटीएसए या रस्ता सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या यादीत रिकॉलही पाहा, म्हणजे दोषामुळे कंपनीने तो दुरुस्तीसाठी परत बोलावला होता का ते कळेल. गॅसवर चालणाऱ्या जुन्या फ्रिजांच्या काही मॉडेलांचे रिकॉल आग लागण्याच्या धोक्यामुळे झाले होते.

बाकीच्या गोष्टी पैशाने सुटतात, म्हणून त्यांना मी घाबरत नाही. टायरवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या खुणेत शेवटचे चार आकडे बघा; २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली असतील तर खाचा नव्यासारख्या दिसल्या तरी टायर बदलायचे, तेवढे पैसे किमतीतून कमी करून मागायचे. गॅसचा फ्रिज थंड व्हायला बरेच तास घेतो, म्हणून आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा. फर्नेस, गिझर, एसी, पाण्याचा पंप, सगळं तुमच्यासमोर चालवून दाखवायला हवं. ओट्यावरची चिमणी धूर खरंच बाहेर टाकते की फक्त जाळीतून फिरवून आत सोडते, हेही बघा. पोह्यांची फोडणी तिथेच घालायची आहे आणि झोपायचंही तिथेच आहे.

इथल्या थंडीत घेऊ नका, शक्यतो. नळांत गुलाबी अँटिफ्रीझ (न गोठणारं द्रव) भरून ठेवलेलं असतं, पाणी सोडून बघता येत नाही, आणि नळ गोठून फुटले असतील तर ते एप्रिलमध्ये कळतं. रक्कम मोठी असेल तर प्रशिक्षित आरव्ही इन्स्पेक्टर बोलवा. काहीशे डॉलर जातात, कधी हजारावर, पण तो छपरावर चढतो, गॅसची गळती तपासतो आणि लेखी अहवाल देतो. विक्रेत्याने इन्स्पेक्टरला नकार दिला तर तिथेच निरोप घ्या.

आणि मालकाशी बोला, निवांत. शेवटचं सीलंट कधी भरलं, हिवाळ्यात कुठे ठेवत होतात, का विकताय. आमचा ट्रेलर ज्या निवृत्त जोडप्याकडून घेतला त्यांनी एक वही काढून पुढे ठेवली. दरवर्षीच्या मे महिन्यात छपरावर काय केलं, बेअरिंगला ग्रीस कधी भरलं, कुठला दिवा बदलला, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. कंपनी तुम्ही ओळखणारही नाही, ती बंद पडून काळ झाला. तरी आम्ही किमतीवर फारशी घासाघीस केली नाही. अशी वही सापडली तर तुम्हीही करू नका.

कुणी एखादा हेरून ठेवला असेल तर जाहिरातीतले फोटो पाठवा, छपराचा फोटो नसेल तर आधी तो मागवून घ्या. जवळपासच्या गावात असेल तर शिडी आणि मीटर घेऊन मी सोबत येते.